परसबागेतील आपसूक उगवण

परसबागेतील आपसूक उगवण म्हणजे बागेतील वनस्पतींना त्यांच्या पडलेल्या बिया, कंद किंवा फुटवे जिथे रुजतील तिथेच वाढू देण्याची बागकामाची रीत होय. या रीतीत प्रत्येक रोपाची जागा आधी ठरवली जात नाही. उगवून आलेल्या रोपांपैकी कोणते ठेवावे, कोणते हलवावे आणि कोणते उपटावे एवढाच निर्णय बाग सांभाळणारा घेतो. बोलीभाषेत अशा झाडाला 'आपसूक आलेले' किंवा 'न लावता आलेले' झाड म्हटले जाते.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत परसबागेचा मोठा भाग या रीतीने चालतो. तेरडा, गुलबक्षी, झेंडू व तुळस यांसारखी फुलझाडे व पूजेची झाडे, माठ व अळू यांसारख्या भाज्या, तसेच पपई, पेरू व रायवळ आंबा ही फळझाडे येथे पुष्कळदा न लावता येतात. परसाला लागूनच रान असल्यामुळे रानातील वनस्पती परसात व परसातील वनस्पती रानात सहज जातात. त्यामुळे या भागात आपसूक उगवणीचा संबंध बागेच्या सौंदर्यापुरता मर्यादित न राहता घरचा आहार, सणांचे विधी आणि जंगलाचे आरोग्य यांच्याशीही येतो.

संकल्पना

आपसूक उगवण आणि बागेकडे दुर्लक्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुर्लक्षित जागेत जे सर्वांत जोमदार असते ते इतर सर्वांना झाकून टाकते. कोकणच्या पावसात अशी जागा दोन-तीन वर्षांत झुडपांनी भरून जाते. आपसूक उगवणीच्या बागेत मात्र माणसाचे काम लावणीऐवजी निवडीत असते. नेहमीच्या बागेत रोप कुठे असावे याचा विचार पेरणीपूर्वी होतो. येथे तो उगवणीनंतर होतो. म्हणून कोवळे रोप दोन पानांवर असताना ओळखता येणे हे या रीतीतील मुख्य कौशल्य मानले जाते.

या रीतीमागील वनस्पतिशास्त्रीय कारण सोपे आहे. एका झाडाच्या बिया अनेक ठिकाणी पडतात, परंतु ऊन, ओल, निचरा व मातीची खोली अनुकूल असेल तिथेच त्यातील काही तगतात. अशा रीतीने टिकलेल्या रोपाचे सोटमूळ स्थलांतरात तुटलेले नसते. त्यामुळे पपई किंवा आंबा यांसारखी झाडे लावलेल्या रोपापेक्षा कमी पाण्यात जम धरतात.

भूगोल व हवामान

कर्जत तालुक्यातून उल्हास व तिची उपनदी पेज, तर खालापूर तालुक्यातून पाताळगंगा नदी वाहते. पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग असून माथेरानचा डोंगर कर्जत तालुक्यातच येतो. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरहून अधिक असून जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर मेअखेरपर्यंत जमीन कोरडी होत जाते. भातखाचरांची जमीन खोल व ओल धरणारी, तर डोंगरउतारावरील वरकस जमीन उथळ व मुरमाड असते. घरे बहुधा खाचरांपेक्षा उंच, निचऱ्याच्या जागी असल्याने परसात दोन्ही प्रकारच्या जमिनीचे तुकडे सापडतात.

उन्हाळ्यातील पाण्याच्या बाबतीत या भागाचे एक वैशिष्ट्य आहे. खोपोली येथे १९१५ मध्ये व भिवपुरी येथे १९२२ मध्ये टाटा समूहाची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी वीजनिर्मितीनंतर खाली सोडले जाते व त्यामुळे पाताळगंगा आणि पेज या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी असते. भिवपुरीच्या पाण्यावरील राजनाला कालव्याच्या परिसरात उन्हाळी भातही घेतला जातो. अशा ओलिताच्या गावांत आपसूक आलेली टोमॅटो, माठ, पपई यांची रोपे वर्षभर दिसतात. कोरड्या पाड्यांवर मात्र सर्व उगवण पहिल्या पावसाची वाट पाहते.

बीजप्रसार व उगवण

परसात न लावता येणाऱ्या वनस्पती मुख्यत्वे पुढील मार्गांनी पसरतात.

फुटणारी फळे : तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्श होताच तडकून बिया दूर फेकते. आंबुशीच्या बारीक शेंगाही अशाच फुटतात. गोकर्णाची वाळलेली शेंग पिळवटून उघडते व बिया वेलाच्या आसपास पडतात.

जागीच पडणारे बी : गुलबक्षीचे काळे, सुरकुतलेले बी, तुळशीच्या मंजिऱ्या, झेंडूची वाळलेली फुले आणि माठाचे चकचकीत काळे बी मूळ झाडाच्या पायाशी किंवा पावसाच्या ओघळाने थोड्या अंतरावर जाते. माठाच्या एका झाडाला हजारो बिया येतात.

पक्षी व प्राणी : बुलबुल, कोकीळ व तांबट हे पक्षी मायाळू, तोंडली, वड, पिंपळ व उंबर यांच्या बिया पसरवतात. वटवाघळे जांभूळ, पेरू व देशी बदाम यांची फळे नेतात. भेरली माडाच्या बिया उदमांजराच्या विष्ठेतून पसरतात.

कंद व फुटवे : अळू, कर्दळ, रानहळद व केळ जमिनीखालून पसरतात. कारंद्याच्या वेलावर पानांच्या बगलेत हवाई कंद धरतात. ते कुंपणाखाली पडून पुढच्या पावसात रुजतात. पानफुटीच्या पडलेल्या पानाच्या कडेवर नवी रोपे येतात.

माणूस : उकिरड्यावर टाकलेल्या भाज्यांच्या साली व बिया यांतून भोपळा, कारले, टोमॅटो व पपई उगवतात. शेणखत बागेत पसरले की त्यातील बीही पसरते.

सर्वच बिया एकाच वर्षी रुजत नाहीत. टाकळ्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या मातीत काही वर्षे सुप्त राहून टप्प्याटप्प्याने उगवतात. माठ, घोळ यांसारख्या बारीक बियांना उगवणीसाठी उजेड लागतो. म्हणून जमीन खणून उलटली की खालचे जुने बी वर येऊन त्यांचे नवे पीक दिसते.

भातशेतीतील राबाची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून उन्हाळ्यात जाळले जाते. या उष्णतेने वरच्या थरातील तणांचे बी मरते व भाताच्या रोपांना मोकळी जागा मिळते. एकाच कुटुंबाच्या जमिनीत रोपवाटिकेत आपसूक उगवण कटाक्षाने रोखली जाते आणि परसात तिला वाव दिला जातो.

प्रमुख वनस्पती

फुलझाडे

तेरडा हा या भागातील सर्वांत परिचित आपसूक उगवणारा फुलझाडाचा प्रकार आहे. तो रानातील कातळावर, बांधावर व अंगणाच्या कडेला सारखाच येतो. बागेत आणलेल्या भरगच्च पाकळ्यांच्या तेरड्याचे बी सतत जागीच पडू दिल्यास काही पिढ्यांत साध्या, एकेरी पाकळ्यांची रोपे वाढत जातात. भरगच्च फूल टिकवायचे असल्यास एकेरी फुलांची झाडे बी धरण्याआधी काढावी लागतात.

कोंबडा हे बागेतील फूल आणि कुर्डू ही पावसाळी रानभाजी यांची वनस्पतिशास्त्रीय जात एकच, म्हणजे सेलोशिया अर्जेन्टिया ही आहे. कोंबड्याच्या आपसूक आलेल्या रोपांत तुऱ्याचा मूळ आकार नेहमीच उतरत नाही.

गुलबक्षी, झेंडू, सदाफुली व कर्दळ ही झाडे गावोगावी घरची वाटत असली तरी बाहेरून आलेली आहेत. गुलबक्षी व कर्दळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, झेंडू मेक्सिकोतील, तर सदाफुली मादागास्करमधील आहे. गुलबक्षीची मुळे जाड व कंदासारखी असल्याने उन्हाळ्यात वरचा भाग सुकला तरी पावसात ती त्याच जागी पुन्हा फुटते.

भाज्या व फळझाडे

माठ, अळू, मायाळू, घोळ, भोपळा, शिराळे व कारले या भाज्या वारंवार आपसूक येतात. अळू परंपरेने न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतो व तिथून स्वतःच पसरतो.

कोयीपासून उगवलेल्या आंब्यास रायवळ म्हणतात. त्याचे फळ मूळ झाडासारखेच निघेल याची खात्री नसते. त्यामुळे प्रत्येक रायवळ झाडाची चव, आकार व हंगाम निराळा असतो. नको असलेल्या फळाऐवजी हवे ते मिळवण्यासाठी आपसूक आलेल्या रोपावर जागेवरच कलम बांधता येते. पपईच्या बाबतीत नर व मादी झाड फुले येईपर्यंत ओळखू येत नाही. म्हणून एका जागी आलेली तीन-चार रोपे राखून फुलोऱ्यानंतर जादा नर झाडे काढली जातात.

रानातून परसात

शेवळा, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली व कारंदा या वनस्पती मुळात रानातील किंवा बांधावरील आहेत. ठाकूर व कातकरी या आदिवासी समाजांना त्यांची सखोल माहिती आहे. या समाजांतील स्त्रिया पावसाळ्यात कर्जत, नेरळ व खोपोली येथील बाजारांत या भाज्या विक्रीस आणतात. परसाच्या कडेला यांपैकी एखादी वनस्पती आली तर ती बेणून न टाकता राखली जाते. शेवळ्यात घशाला खाज आणणारे स्फटिक असतात. त्यामुळे ती काकडाच्या आंबट फळांसह नीट शिजवून खाल्ली जाते. कारंद्याचे कडू कंद उकळून व पाणी काढून टाकून खाण्यायोग्य केले जातात.

वार्षिक क्रम

मेच्या अखेरीस वळिवाच्या सरी पडताच शेवळा, कळलावी व रानहळद यांचे कोंब वर येतात. मृग नक्षत्राचा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाला की टाकळा, माठ, तेरडा व गुलबक्षी यांची दाट उगवण होते. जूनची अखेर ते जुलै हा विरळणीचा व रोपे हलवण्याचा काळ असतो. सततच्या पावसामुळे या दिवसांत हलवलेले रोप सहसा मरत नाही. ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये तेरडा फुलतो व वेलभाज्या लागतात. दसरा-दिवाळीला झेंडू व त्यानंतर कुर्डूची पांढरट-गुलाबी कणसे दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बी पडण्याचा काळ असून पुढील वर्षीची बाग याच काळात ठरते. या दिवसांत वाळलेली झाडे घाईने उपटून जाळल्यास पुढच्या पावसात उगवण फारच कमी होते.

बागकामाची रीत

आपसूक उगवणीच्या बागेत पुढील कामे केली जातात.

१. बी पडू देणे : प्रत्येक हव्या असलेल्या प्रकाराची काही निरोगी झाडे पूर्ण वाळेपर्यंत राखली जातात.

२. जमीन मर्यादित हलवणे : दरवर्षी सर्व जागा खणली जात नाही. काही भाग खुरप्याने वरवर मोकळा करून काही भाग तसाच ठेवला जातो.

३. पालापाचोळ्याचा थर : पातळ थर ओल राखतो, जाड थराखाली बारीक बिया उजेडाअभावी उगवत नाहीत.

४. विरळणी : दाट उगवणीतील कमकुवत रोपे काढली जातात. माठ व टाकळा यांच्या बाबतीत विरळणीत निघालेली कोवळी रोपे हीच भाजी असते.

५. हलवणे : पायवाटेवर, भिंतीलगत किंवा विहिरीच्या कठड्यात आलेली रोपे लहानपणीच मातीसह काढून अन्यत्र लावली जातात.

६. बी धरण्याआधी छाटणी : जे पसरू द्यायचे नाही ते फुलोऱ्यातच कापले जाते. या कामात एका हंगामाची दिरंगाई झाल्यास पुढील कित्येक वर्षे बेणणी वाढते.

बाजारातील संकरित भाज्यांच्या बियांपासून आपसूक आलेली रोपे मूळ वाणासारखी नसतात. म्हणून ही रीत गावरान वाणांसाठी अधिक उपयुक्त ठरते.

सण व लोकाचार

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलांच्या श्रमातून आलेले धान्य व भाज्या न खाण्याचा आचार महाराष्ट्रात पाळला जातो. त्या दिवशीच्या भाजीत अळू, माठ, भोपळा, शिराळे, सुरण यांसारख्या नांगराविना आलेल्या परसातील भाज्या एकत्र शिजवल्या जातात. त्यामुळे न नांगरलेल्या जमिनीत काय उगवते व त्यातील खाण्यासारखे कोणते, ही माहिती वर्षातून एकदा तरी घराघरांत उजळली जाते.

कोकणात गौरी आवाहनाच्या वेळी तेरड्याची रोपे आणून त्यांची गौर मांडण्याची प्रथा आहे. गणेशपूजेच्या पत्रीत दूर्वा, आघाडा, माका, डोरली व धोतरा या सहसा कोणी न लावणाऱ्या वनस्पतींचा समावेश होतो. अल्पजीवी शोभेसाठी वापरली जाणारी 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हणही याच झाडावरून आली आहे.

मर्यादा व धोके

विषारी वनस्पती : कळलावी, धोतरा, गुंज व कण्हेर या आपसूक येणाऱ्या किंवा परसात आढळणाऱ्या वनस्पती विषारी आहेत. आपसूक आलेल्या दुधी, काकडी यांच्या वेलांना कधी कडू फळे धरतात. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे असतो. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा होऊ शकते. तो पिऊ नये, असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिला आहे. ओळख पटल्याखेरीज कोणतीही आपसूक आलेली वनस्पती खाणे धोक्याचे असते.

सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप कोकणात आढळतात. घराच्या भिंतीलगत दाट वाढ असल्यास त्यांना आडोसा मिळतो. अंगण सारवून मोकळे ठेवण्याच्या व झाडी परसाच्या बाहेरच्या कडेला राखण्याच्या प्रथेमागे हेही एक कारण आहे.

बांधकामाची हानी : पक्ष्यांनी टाकलेल्या बियांपासून वड, पिंपळ व उंबर भिंती, विहिरी व देवळांच्या शिखरांत रुजतात. या झाडांना पवित्र मानले जात असल्याने ती तोडण्यास अनेकदा टाळाटाळ होते व मुळे मोठी झाल्यावर चिरे निखळतात. रोप बोटाएवढे असतानाच काढून जमिनीत लावल्यास दोन्ही हेतू साधतात.

आक्रमक वनस्पती : आपसूक उगवणीचा सर्वांत गंभीर प्रश्न बागेतून रानात जाणाऱ्या परदेशी वनस्पतींचा आहे. घाणेरी किंवा टणटणी ही अमेरिकेतील झुडूपवर्गीय वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आणली गेली. तिची फळे पक्ष्यांना आवडत असल्याने ती देशभरच्या जंगलांत पसरली. रानमोडी, सुबाभूळ, जलपर्णी आणि जमीन झाकण्यासाठी लावले जाणारे पिवळ्या फुलांचे वेडेलिया यांच्याबाबतही असेच घडले. या पाचही वनस्पतींचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. उल्हास नदीच्या खालच्या टप्प्यात, कल्याणच्या परिसरात, जलपर्णीचे थर हा नित्याचा प्रश्न झाला आहे. नारिंगी कॉसमॉसही बागांतून सुटून महाराष्ट्रातील डोंगरउतारांवर पसरला आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक बागा थेट वनहद्दीला लागून असल्याने येथे कोणत्या झाडाचे बी पडू द्यायचे हा प्रश्न कुंपणाच्या आत संपत नाही.

बदलती परिस्थिती

मुंबई व पुणे यांच्या मधोमध असलेल्या या तालुक्यांत, विशेषतः मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतर, फार्महाऊस व गृहसंकुलांची संख्या वाढली. अशा ठिकाणी हिरवळ, फरसबंदी व रोपवाटिकेतून आणलेली एकसारखी रोपे यांची बाग सामान्य आहे. हिरवळ राखण्यासाठी उगवणारे सर्व काही तण मानून कापले जाते किंवा तणनाशकाने मारले जाते. त्यात टाकळा, कुर्डू व तेरडाही जातो. दुसरीकडे वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या भूखंडांवर घाणेरी व रानमोडी निर्वेध बी धरतात. एका टोकाला सर्व उगवण नाहीशी होणे आणि दुसऱ्या टोकाला कोणतीही निवड न होणे, या दोन्ही स्थितींत रोपे ओळखून राखण्याचे काम थांबते.

रानभाज्यांविषयी जाणीव वाढावी म्हणून अलीकडच्या वर्षांत राज्याच्या कृषी विभागातर्फे पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवले जातात. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने स्थानिक भातवाण व औषधी वनस्पती यांवर काम केले आहे. याच तालुक्यातील नेरळ येथील सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणी, चिखलणी व लावणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर टोकणी केली जाते आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात. या तंत्रात बियांची जागा साच्याने ठरवलेली असल्यामुळे ती आपसूक उगवण नव्हे. परंतु जमीन न उलटण्याचे तत्त्व दोहोंत समान आहे.

इतरत्र

आयरिश उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये प्रकाशित केलेल्या 'द वाइल्ड गार्डन' या पुस्तकात काटक वनस्पती बागेत मुक्तपणे रुळू देण्याचा पुरस्कार केला. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका हे शिकोकू बेटावरील आपल्या फळबागेत भाज्यांचे बी झाडांखाली विखरून टाकत व त्यांतील काही भाज्या बी धरून स्वतःच पुन्हा उगवू देत. त्यांचे 'एका काडातून क्रांती' या नावाने मराठी वाचकांना परिचित असलेले पुस्तक मूळ जपानीत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

फ्रेंच उद्यानरचनाकार जिल क्लेमाँ यांनी आपल्या क्रझ येथील बागेत 'फिरती बाग' ही कल्पना विकसित केली. या बागेत वनस्पती दरवर्षी नव्या जागी उगवतात व चालण्याच्या वाटा त्यांच्याभोवतीने बदलत जातात. पॅरिसमधील १९९२ साली खुल्या झालेल्या आंद्रे सित्रोएँ उद्यानाचा एक भाग या तत्त्वावर आखलेला आहे. युरोपातील या प्रयोगांचा मुख्य हेतू सौंदर्य व जैवविविधता हा आहे. कर्जत–खालापूरच्या परसात मात्र आपसूक आलेले रोप राखण्यामागे भाजी, पत्री, फळ किंवा सावली यांपैकी एखादा उपयोग बहुधा असतो.

हे सुद्धा पहा

परसबाग
रानभाज्या
ऋषिपंचमी
तेरडा
आक्रमक प्रजाती
कर्जत तालुका
खालापूर तालुका